अवलंबनांचा इतिहास

लिनक्सवर नवखा माणूस आज एका आज्ञेत सॉफ्टवेअर बसवतो. ही सहजता उशिरा आली, हे आम्हांस नोंदवावेसे वाटते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नल जाहीर केले, त्यानंतरची काही वर्षे अनेक प्रोग्रॅम मूळ संहितेच्या रूपातच हाती येत. ती संहिता आपल्या यंत्रावर कंपाइल करावी लागे. एखादी लायब्ररी नाही म्हणून काम अडे. ती मिळवावी, तर तिला तिसरीची गरज निघे. टीपेतून टीपेत भरकटणाऱ्या वाचकाचीच ही गत.

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प आरंभला. १९९५ साली रेड हॅटचे आरपीएम आले. पॅकेजमध्ये तयार प्रोग्रॅमसोबत त्याच्या गरजांची यादीही असे. मात्र यादी उणीव दाखवी, भरून काढत नसे. ते काम मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेल्या 'ॲप्ट'ने अंगावर घेतले: गरजा ओळखून, भांडारातून आणून, क्रमाने बसवणे.

डेबियनच्या भांडारामागे पॅकेजे सांभाळणारे स्वयंसेवक आहेत. खुल्या संहितेने वाचनाचा हक्क दिला. तो नवख्याच्या हाती पोचवला या संपादकांनी. साहित्याच्या अभ्यासकांना हे ऋण अपरिचित नसावे.