उठणे (क्रियापद)

'''उठणे''' हे मराठीतील अकर्मक क्रियापद आहे. 'बसलेल्या अथवा निजलेल्या स्थितीतून उभे होणे' व 'झोपेतून जागे होणे' हे त्याचे मुख्य अर्थ होत. लक्षणेने त्यास आरंभ व शेवट असे परस्परविरुद्ध अर्थही प्राप्त झाले आहेत. त्यामुळे शब्दकोड्यांत या शब्दाभोवतीच्या सूचना अनेकदा फसव्या ठरतात.

== व्युत्पत्ती ==
संस्कृतातील 'उद्' हा उपसर्ग व 'स्था' (उभे राहणे) हा धातू यांच्या संयोगाने 'उत्थान' हा शब्द सिद्ध होतो. संधी होताना 'स्था'मधील सकाराचा लोप होतो. प्राकृतातील 'उट्ठ' या रूपावरून मराठी 'उठ' हा धातू आला. 'उठवणे' हे त्याचे प्रयोजक रूप आहे.

== अर्थच्छटा ==
* '''उत्पन्न होणे, उमटणे''' : अफवा उठणे, पोटात कळ उठणे, अंगावर पित्त उठणे, पाठीवर वळ उठणे, ठसा उठणे.
* '''संपणे, दूर होणे''' : बाजार उठणे, पंगत उठणे, बंदी उठणे. नवरात्रात घट 'बसतात' आणि 'उठतात'. या समाप्तिविधीस 'घटोत्थापन' म्हणतात.
* '''विरोधात उभे ठाकणे''' : जिवावर उठणे, मुळावर उठणे.
* '''क्रियेचा आवेग''' : पेटून उठणे, खवळून उठणे, दुमदुमून उठणे. येथे 'उठणे' सहायक क्रियापद असून शारीरिक हालचालीचा अर्थ उरत नाही.

== साधित शब्द ==
'उठाव' या नामाचे तीन अर्थ रूढ आहेत : सशस्त्र प्रतिकार (१८५७ चा उठाव), मालाला असलेली मागणी आणि चित्राचा वा नक्षीचा ठळकपणा. 'उठावदार' हे विशेषण यांपैकी तिसऱ्या अर्थाशी निगडित आहे. 'उठाठेव' म्हणजे नसती लुडबुड, तर 'ऊठसूट' म्हणजे वारंवार व कारणाशिवाय. 'उत्थान', 'उत्थापन', 'पुनरुत्थान' व 'अभ्युत्थान' हे तत्सम शब्द आहेत.

== शब्दकोड्यातील उपयोग ==
मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसह, लिहितात. जोडाक्षरही एकच चौकट व्यापते. म्हणून 'उत्थान' तीन चौकटींत (उ-त्था-न), तर 'अभ्युत्थान' चार चौकटींत (अ-भ्यु-त्था-न) बसते. काही नमुने :

* सूर्याचे वर येणे (३) – उदय
* देवाला जागविणारे पहाटेचे गीत (३) – भूपाळी
* मान्यवरांच्या आदरार्थ उठून उभे राहणे (४) – अभ्युत्थान
* नसती लुडबुड (४) – उठाठेव
* बंड, मालाला मागणी (३) – उठाव

सूचना व उत्तर यांची शब्दजात सामान्यतः सारखी असते. 'वर येणे' या सूचनेचे उत्तर 'उगवणे' होऊ शकते. 'उगवला' होणार नाही. केवळ 'उठणे' एवढीच सूचना दिल्यास मात्र कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे छेदणाऱ्या शब्दांवरूनच ठरते.

== लेखननियम ==
मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य उकार दीर्घ लिहिला जातो. त्यानुसार 'ऊठ' हे आज्ञार्थी रूप, तसेच 'ऊठबस' व 'ऊठसूट' हे शब्द दीर्घ ऊकाराने, तर 'उठणे', 'उठा', 'उठला', 'उठाव' व 'उठाठेव' हे ऱ्हस्व उकाराने लिहितात. कोड्यात उ व ऊ ही भिन्न अक्षरे असल्याने येथील ऱ्हस्वदीर्घाची चूक छेदणारा शब्दही बिघडवते.

== हे सुद्धा पहा ==
* शब्दकोडे
* मराठी व्याकरण
* प्रबोधिनी एकादशी