सावता माळ्यांच्या मळ्यातला कांदा

फुलासाठी कांदा लावणे ही कल्पना सोलापूरच्या शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. युरोपातील बागांत कांद्याच्या कुळातील जांभळ्या गोंड्यांच्या जाती निव्वळ शोभेसाठी लावतात. आपल्याकडे मात्र उभ्या पिकात फूल येणे हा दोष ठरतो. कांदा पानांनी तयार केलेले अन्न गड्ड्यात साठवतो आणि थंडी सोसल्यावर त्याच साठ्यावर फुलाचा दांडा उभा करतो. हा ‘डेंगळा’ आला की कांदा टिकत नाही, त्याला भावही मिळत नाही. पांढऱ्या गोंड्यांचे कौतुक होते ते फक्त बियाण्याच्या वाफ्यात.

मग भाव आणि भाकरी यांपलीकडे कांद्याकडे कोणी पाहिलेच नाही काय? पाहिले, आणि ते याच जिल्ह्यात. माढा तालुक्यातील अरण गावच्या सावता माळी यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आजही त्यांच्या पुण्यतिथीला विठ्ठलाची पालखी अरणला येते.

या दर्शनातील धाडस आपण सहसा विसरतो. मनुस्मृतीने द्विजांना कांदा-लसूण वर्ज्य ठरवला. चातुर्मासात कांदा न खाणारी घरे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी साजरी करून त्याचा निरोप घेतात. म्हणजे जो कांदा देवाच्या नैवेद्यात चालत नाही, त्यालाच सावतोबांनी देव म्हटले. तुळस किंवा मोगरा निवडला असता तर अभंग गोड झाला असता, पण त्याची धार गेली असती.

या अभंगात आणखी एक नवल आहे. त्यात कांद्याबरोबर मिरचीही येते. सावता माळी यांची समाधी परंपरेने इ.स. 1295 ची मानतात. मिरची मूळची अमेरिकेतील. ती भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे 1498 नंतर. हा शब्द मिऱ्यासाठी असावा असे म्हणावे, तर मिऱ्याचा वेल सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढत नाही. तेव्हा पुढील काळातील कोणा गाणाऱ्याने ती ओळीत आणली असावी, असे मानणे आम्हांला अधिक सयुक्तिक वाटते.

पाठचिकित्सक याला प्रक्षेप म्हणतील. आम्हांला मात्र ती अभंगावरील सर्वांत जुनी टीका वाटते. गाणाऱ्याने तो मळा रूपक म्हणून नव्हे, मळा म्हणूनच वाचला. आपल्या वाफ्यात नवे पीक आले, म्हणून त्याने ते विठ्ठलाच्या यादीतही लावले.

वर्गात आम्ही हा अभंग ‘कर्म हीच भक्ती’ एवढ्या सूत्रात उरकतो. त्यात कांदा कधीच नाहीसा होतो. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा सोलापूरच्या बाजारात विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. अरण तेथून फार दूर नाही. कांद्यात देव पाहणाऱ्या कवीचा अभंग शिकवताना त्या कांद्याचे मोल काय झाले, हा प्रश्न साहित्याबाहेरचा मानता येणार नाही.