सांगाड्याचा गंज : जुन्या मोटारींच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भासह)

मोटारींचा इतिहास बहुधा कारखाने, इंजिने व नोंदणीपुस्तके यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु जुन्या मोटारीचे आयुष्य पुष्कळदा इंजिनापेक्षा तिच्या पत्र्यावर अवलंबून असते. इंजिन पुन्हा बांधता येते; आतून कुजलेला सांगाडा पूर्ववत करणे त्याहून कितीतरी कठीण असते. या दृष्टीने गंजाचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रारंभीच्या मोटारींत दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे बहाल यांची चौकट असे आणि तीवर वरचा साटा बसविलेला असे. महिंद्र कंपनीने 1947 पासून जुळविलेली विलीज जीप याच पद्धतीची होती. अशा वाहनाचा पत्रा गंजला तरी भार वाहणारी चौकट शाबूत राहू शके. इटलीत 1953 साली निघालेल्या फियाट 1100 च्या नव्या आवृत्तीत मात्र निराळी चौकट नव्हती. तळ, दाराखालचे पोकळ उंबरठे, खांब व छप्पर मिळूनच सांगाडा होत असे. हीच मोटार वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होऊ लागली व 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. या रचनेत उंबरठ्याचा गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. तो रचनेच्या बळाचा प्रश्न होतो.

बुलढाणा जिल्हा 1956 पर्यंत मध्यप्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. सीमा बदलल्या, भूमी मात्र तीच राहिली. उत्तरेस पूर्णेचे सखल खोरे, दक्षिणेस घाटमाथा आणि बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरील राजूर घाट, अशी ही भूमी आहे. खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या तालुक्यांचा काही भाग ‘खारपाण पट्ट्यात’ मोडतो. तेथील भूजलात मिठाचा अंश असतो. समुद्र शेकडो मैल दूर असूनही, अशा पाण्याने धुतलेल्या पत्र्याच्या सांध्यांत मीठ साचू शकते. त्यात काळ्या मातीची भर पडते. पावसाळ्यात ही चिकट माती मडगार्डच्या आतील कोपऱ्यांत बसते व बाहेरचा पत्रा सुकल्यानंतरही ओल धरून ठेवते.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. खारे पाणी तेवढे सारखेच मारक, असे नाही. पाणी अल्कधर्मी असल्यास लोखंडावर संरक्षक थर टिकू शकतो. क्लोराइड मात्र तो थर भेदते. लोणार सरोवराच्या पाण्यात अल्कधर्मिता व मीठ दोन्ही असल्याने केवळ चवीवरून अनुमान काढणे धोक्याचे होय.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो सांध्यातील पत्रे फाकवितो आणि नव्या पाण्यास वाट करून देतो. रंगाखाली फुगारा दिसू लागतो तेव्हा आतील हानी बरीच पुढे गेलेली असू शकते. भोकावर लांबी भरून रंग दिला की मोटार देखणी होते, परंतु अपघाताच्या वेळी तिचा आधार लटका ठरतो. सडका भाग कापून, नवा पत्रा सांधून, आतील पोकळीस गंजरोधक लेप देणे ही खरी दुरुस्ती होय. मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे वैध असते व पुढे नूतनीकरण करावे लागते. परंतु नोंदणीपुस्तकात मोटारीचे वय कळते, तिच्या उंबरठ्याची अवस्था कळत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आता उरलेल्या मोटारी हौशी संग्राहकांकडे नव्याने सजविल्या जात आहेत. सजावटीपूर्वी तळाची छायाचित्रे, ठिगळांच्या जागा व पत्र्याची जाडी यांची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे. कोणत्या पाण्याने, कोणत्या मातीने व कोणत्या कारागिराच्या हाताने ती मोटार घडली-बिघडली याचा पुरावा त्या ठिगळांतच आहे. नवा रंग चढला की तो कायमचा झाकला जाईल.