प्लाझ्मा वायूकरण, घरगुती कचऱ्याचे

विजेच्या आर्कने तापवून आयनीभूत केलेल्या वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, झोताने कचऱ्याचे विघटन करण्याची पद्धती. झोताचे तापमान 5,000° से.च्या वर जाते. भट्टीत ऑक्सिजन जेमतेमच सोडतात. त्यामुळे सेंद्रिय भाग पूर्ण न जळता त्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे ज्वलनशील मिश्रण, सिनगॅस, मिळते. काच, माती, धातू वितळून तळाशी साचतात. निवल्यावर त्यांचा काळसर, काचेसारखा स्लॅग होतो व बरेचसे जड धातू त्यात कोंडले जातात. असा झोत निर्माण करणारे टॉर्च नासाने 1960 च्या दशकात अवकाशयानांच्या उष्णतारोधक कवचांच्या चाचण्यांसाठी वापरले होते.

कचरा नष्ट करण्यात ही पद्धती वाकबगार आहे. वीजनिर्मितीचा दावा मात्र तपासून घ्यावा लागतो. घंटागाडीत येणारी भाजीची देठे, शिळा भात, नारळाच्या करवंट्या यांत निम्मे वजन पाण्याचे धरले, तर टनामागे 500 किग्रॅ. पाण्याची वाफ करण्यातच सुमारे 350 युनिट उष्णता खर्च होते. टॉर्चची वीज आणि वायू शुद्ध करण्याचा खर्च वेगळाच. ओला कचरा आधी वेगळा काढा, असे समर्थक सांगतात. सल्ला रास्तच, पण उरलेला कोरडा कागद-प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीतही जळतो, मग एवढी महागडी यंत्रणा कशाला? कचरा जळताना होणारी डायॉक्सिन ही विषारी संयुगे कमी निघतात हा फायदा खरा असला, तरी तो प्रदूषण-नियंत्रणाचा आहे, ऊर्जेचा नव्हे. मोठ्या प्रकल्पात खर्च आटोक्यात येतो, या युक्तिवादाची परीक्षा इंग्लंडमधील टीज व्हॅलीत झाली. तेथे एअर प्रॉडक्ट्स कंपनी प्रत्येकी सुमारे 50 मेगावॅटचे दोन प्रकल्प उभारत होती. तांत्रिक अडचणी सुटेनात, तेव्हा 2016 मध्ये तिने काम सोडले आणि सुमारे 1 अब्ज डॉलरवर पाणी सोडले. कॅनडात ओटावा शहराशी करार केलेली प्लॅस्को कंपनी 2015 मध्ये आर्थिक संकटात सापडली व करार संपुष्टात आला.

जपानमध्ये मिहामा-मिकाता येथे 2002 पासून दिवसाला पंचवीसेक टनांचा प्रकल्प चालला. उताशिनाईचा मोठा प्रकल्प 2013 मध्ये बंद पडला. जागा अपुरी असलेल्या त्या देशात कचऱ्याचे आकारमान घटवणे हाच मोठा लाभ ठरतो.

महाराष्ट्रात पुण्याजवळ रांजणगाव येथे दररोज 72 टन क्षमतेचा प्लाझ्मा प्रकल्प उभारला गेला, तो औद्योगिक घातक कचऱ्यासाठी.