टेनिस एल्बो आणि तुईना

टेनिस एल्बो ही व्याधी रॅकेट हाती न धरणाऱ्यांनाच अधिक जडते. धुणे पिळताना, बादली उचलताना कोपराच्या बाहेरील बाजूस कळ येते. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणारी कंडरा तेथे झिजलेली असते. (सचिन तेंडुलकरच्या २००४ मधील दुखण्याने हे नाव घरोघरी पोहोचले.)

चीनमधील ‘तुईना’ या पारंपरिक मर्दनपद्धतीत कोपराखालील स्नायूंवर प्रथम हाताच्या पाठीने लोळवल्यासारखा दाब देतात. मग कोपर दुमडल्यावर पडणाऱ्या घडीच्या बाहेरील टोकाशी असलेला ‘छूची’ आणि त्याखाली दोन अंगठ्यांच्या रुंदीएवढ्या अंतरावरील ‘शोउसानली’ हे बिंदू अंगठ्याने दाबतात. दुखऱ्या हाडावर थेट जोर देणे टाळावे. मर्दनाने स्नायू सैलावून वेदना काही काळ शमू शकते. मात्र झिजलेली कंडरा त्याने लगेच सांधत नाही. ताजी सूज असल्यास वा बोटे बधिर होत असल्यास आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.