कैफ की जागरण? कॉफीवरील मक्केतील वाद

कॅफिन हे नाव एकोणिसाव्या शतकातले. परंतु हे द्रव्य माणसाच्या शरीरात नेमके काय घडवते, याचा निवाडा करण्यासाठी त्याआधी तीनशे वर्षे, १५११ साली, मक्केत धर्मपंडितांची रीतसर सभा बसली होती.

येमेनमधील सूफींनी कॉफी पंधराव्या शतकात जवळ केली, आणि एडनच्या धब्हानी या १४७० साली निवर्तलेल्या सूफीकडे परंपरा तिचे श्रेय देते. हेतू सरळ होता: ईश्वरनामाचा सामूहिक जप, म्हणजे झिक्र, रात्रभर चालावा आणि कोणाचा डोळा लागू नये. कैरोत अल्-अझहरजवळ राहणारे येमेनी सूफी सोमवार व शुक्रवारच्या आदल्या रात्री तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी ठेवीत, आणि त्यांचा प्रमुख लहानशा पळीने ती उजव्या हाताच्या क्रमाने एकेकाला देत असे. बियांना अरबीत ‘बुन्न’ म्हणत. जुन्या मराठीतला ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ तो हाच. पिणाऱ्याला जी हलकी तरतरी येई तिलाही ‘मरकहा’ असा स्वतंत्र शब्द होता, यावरून मद्याच्या नशेहून हा अनुभव वेगळा आहे हे पिणाऱ्यांना पक्के ठाऊक असावे.

मक्केचा मुहतसिब, म्हणजे बाजारातील वजनमापांवर व लोकांच्या सार्वजनिक वर्तनावर देखरेख ठेवणारा अधिकारी, खैर बेग याला हे वेगळेपण मान्य नव्हते. एका रात्री मशिदीच्या परिसरात काही जण कंदिलाच्या उजेडात पेला फिरवीत बसलेले त्याला दिसले, आणि तो जवळ येताच त्यांनी कंदील मालवले. दुसऱ्या दिवशी त्याने पंडितांना बोलावले. पेय स्वभावतः निषिद्ध नाही, पण शरीराला किंवा बुद्धीला अपाय करीत असेल तर निषिद्ध ठरेल, अशी भूमिका निघाल्यामुळे प्रश्न वैद्यांकडे गेला. दोन इराणी वैद्य बंधूंनी कॉफीची प्रकृती ‘शीत व रुक्ष’ असल्याचे सांगून ती अपायकारक ठरवली. युनानी वैद्यकानुसार शरीरात रक्त, कफ, पित्त व सौदा, म्हणजे काळे पित्त, असे चार रस असतात. त्यांतील सौदा शीत व रुक्ष मानला जाई, आणि तो वाढला की खिन्नता येते अशी समजूत होती. एका साक्षीदाराने तर कॉफी मद्याप्रमाणेच चढते असे सांगितले. मात्र ही तुलना करण्यासाठी मद्य चाखलेले असावे लागते हे लक्षात आल्यावर तोच शिक्षेस पात्र ठरला, अशी नोंद आहे. हा वृत्तांत ज्याच्या ग्रंथातून मिळतो तो अल्-जझीरी कॉफीचा कैवारी होता आणि त्याने सुमारे १५५८ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा, लेखन केले. त्यामुळे प्रतिपक्षाचे हसे करणारे प्रसंग जरा सावधपणेच वाचावेत.

बंदी आली, कॉफीचे साठे रस्त्यांवर जाळले गेले. पण कैरोहून आलेल्या सुलतानाच्या हुकुमात आक्षेप पिण्यावर नव्हता, पिण्यासाठी जमणाऱ्या मेळाव्यांवर होता. खैर बेगची खरी तक्रारही तीच असावी: रात्री झोपण्याऐवजी एकत्र बसणारी माणसे कोणत्याही राज्यकर्त्याला फारशी रुचत नाहीत.

रसायनशास्त्राने या वादात हात घातला तो १८१९ मध्ये. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या रसाने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते हे तरुण रसायनज्ञ रुंगे याने महाकवी गटे यांना दाखवले, तेव्हा गटे यांनी त्याला कॉफीच्या बिया देऊन त्यांचाही शोध घेण्यास सुचवले. त्यातून रुंगेने कॅफिन वेगळे काढले. १८२७ मध्ये चहातून मिळालेल्या द्रव्याला ‘थेईन’ म्हटले गेले, पण दोन्ही एकच असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले.

ते काम कसे करते हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि पेशींवरील ठरावीक ग्राहकांना, म्हणजे त्याला ओळखून प्रतिसाद देणाऱ्या रेणूंना, चिकटून झोपेची भावना निर्माण करते. कॅफिनची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्या जागा अडवून बसते, पण झोपेचा निरोप मात्र पोहोचवत नाही. थकवा नाहीसा होत नाही, तो जाणवत नाही एवढेच. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत असे ग्राहक वाढतात असे मानले जाते, आणि पेय एकाएकी सोडले की डोके दुखते. ‘रुक्ष’ या जुन्या निदानामागे कॉफीनंतर वारंवार लघवीला होते हे निरीक्षण असण्याचा संभव आहे.

निरोगी प्रौढाच्या रक्तातील कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ कमी, तर गर्भवतींत बराच अधिक असतो. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर तांबड्या भांड्यातून घेतलेल्या पळीभर कॉफीतील निम्मे कॅफिन या हिशेबाने मध्यरात्र उलटली तरी रक्तात असे, आणि पहाटेच्या नमाजाला उठणाऱ्याच्या, किंबहुना झोपलेलाच नसलेल्याच्या, अंगात त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक राही.