वरंधच्या पायथ्याशी उतरलेला रंग

एके काळच्या भोर संस्थानच्या मुलखातून महाड तालुक्यात उतरणारा वरंध घाट, जेथे पावसाळाभर कावळ्या किल्ल्याचा माथा ढगांत बुडालेला असतो, मोटारीच्या रंगाची जी कठोर परीक्षा घेतो, ती मुंबईच्या बंदिस्त गॅरेजात कधीच होत नाही. १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ नामक नायट्रोसेल्युलोजचा रंग बाजारात आला आणि पूर्वी वाळायला कित्येक दिवस लागणारी मोटार काही तासांत सिद्ध होऊ लागली. त्याच जातीचा रंग आपल्याकडील रंगाऱ्यांनी फियाट-ॲम्बॅसडरवर वर्षानुवर्षे फवारला. हा रंग उन्हाने खडूसारखा पांढुरका पडे, म्हणूनच रबिंग कंपाउंडाची विद्या गॅरेजोगॅरेजी रुजली. जाड दाण्याचे ते मलम ओलसर चिंधीवर घेऊन बॉनेटचा वीतभर तुकडा घासला, की चिंधीवर गाडीचाच रंग उतरे आणि मृत थराखालचे मूळ तेज प्रकट होई. त्या कारागिराच्या मनगटाविषयी मला नितांत आदर वाटतो.

पुढे रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली, आणि घासण्यास मिळणारी जाडी मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागू लागली. कडांवर तर रंग अधिकच पातळ. तेथे चिकटपट्टी लावावी, आधी गाडी धुऊन माती काढावी, एका कोपऱ्यात प्रयोग करावा, मगच जाड कंपाउंड फिरवावे, आणि त्याचे ओरखडे बारीक दाण्याने मिटवून मेण चढवावे. जेथे पारदर्शक थरच सोलून निघाला आहे, तेथे मात्र पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर नाही.